भट्टी, पॅटर्न आणि मशीन: कोल्हापुरातल्या तीन छोट्या कारखान्यांनी मिळून एक ऑर्डर कशी टिकवली

पार्श्वभूमी

ही गोष्ट कोल्हापुरातल्या तीन छोट्या कारखान्यांची आहे. नावं देत नाही, रकमाही देत नाही, कारण एमआयडीसीत रक्कम आणि पार्टी एवढं कळलं की माणूस कोण ते चहाच्या टपरीवरसुद्धा ओळखतात. तिघांपैकी दोघांचं हिशेबाचं आणि कॉस्टिंगचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे हे प्रकरण मी जवळून बघितलंय आणि तिघांनीही लिहायला हरकत नाही म्हणून सांगितलंय. छोट्या धंदेवाल्यांनी एकत्र यावं असं भाषणात सगळे म्हणतात पण एकत्र आल्यावर सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कोल्हापूर म्हणजे चप्पल, गूळ आणि तांबडा-पांढरा एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इथं लोखंड ओतायचा धंदा जुना आहे. उसाचे चरक, शेतीची ऑइल इंजिनं यांच्या कामातून शिवाजी उद्यमनगर उभं राहिलं आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा एमआयडीसी आल्या. आज इथून पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर, गाड्या यांचे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, देशभर जातात. या धंद्याची रचना अशी की एक जण पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) बनवतो, दुसरा वितळलेलं लोखंड साच्यात ओततो, तिसरा मशीनिंग करतो (ओतलेला भाग कापून नेमक्या मापात आणतो) आणि प्रत्येकाचा मालक वेगळा, शेड वेगळी, हिशेब वेगळा. कमी भांडवलात माणूस धंद्यात उतरू शकतो तो या रचनेमुळंच, आणि तिची दुखणीही इथूनच सुरू होतात.

आपल्या गोष्टीतली माणसं अशी. अण्णा, शिरोलीला फौंड्री, ग्रे आयर्नचं (साध्या ओतीव लोखंडाचं) काम, विजेवरची इंडक्शन भट्टी. दादा, वयानं लहान, गोकुळ शिरगावला मशीन शॉप, थोड्या सीएनसी आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या कापायच्या मशीन), सगळी कर्जावर. आणि मेस्त्री, उद्यमनगरात पॅटर्न शॉप, सगळ्यात वडीलधारे, हातात श्रिंक स्केल (लोखंड थंड होताना आकसतं ते धरून आखलेली पट्टी) घेऊनच मोठे झालेले. तिघं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत होते. अण्णांची पॅटर्नं मेस्त्रीच करायचे, आणि दादाकडे अण्णांचं किरकोळ काम जायचं. पण ते सगळं बिलापुरतं.

अडचण काय आली

बाहेरच्या जिल्ह्यातली पंप बनवणारी एक कंपनी अण्णांकडून केसिंगचे (पंपाच्या बाहेरच्या कवचाचे) कच्चे कास्टिंग घ्यायची आणि मशीनिंग दुसरीकडून करून घ्यायची. एक दिवस त्यांच्या परचेसवाल्यानं कळवलं की आता आम्ही व्हेंडर (माल पुरवणारे) कमी करतोय, आम्हाला फिनिश पार्ट हवा, थेट असेंब्लीला लागेल असा, देत असाल तर कोटेशन द्या नाहीतर पुढच्या वर्षापासून हे काम दुसरीकडे जाईल. दुसरीकडे म्हणजे कोइम्बतूर किंवा राजकोट, जिथं एकाच छताखाली ओतून मशीन करून पेंट मारून देणारे आहेत. अण्णांच्या भट्टीतलं बरंच लोखंड या एका पार्टीसाठी वितळत होतं. ती गेली असती तर भट्टी आठवड्यातून दोन दिवस थंड राहिली असती, आणि भट्टी थंड राहिली तरी महावितरणचा डिमांड चार्ज काही थांबत नाही.

मग अण्णांनी दादाला फोन केला, पहिला लॉट घाईघाईत साध्या जॉबवर्कवर (माल आपला, समोरच्याला फक्त कामाचे पैसे) केला, आणि तिथं जे व्हायचं तेच झालं. शेवटचा बोअर (आतलं गोल भोक) मारताना काही केसिंगमध्ये ब्लो होल (आत अडकलेल्या वायूच्या पोकळ्या) उघडे पडले, काहींत कडेला लोखंड इतकं कडक की इन्सर्टचे (कापायच्या टूलच्या पात्याचे) टवके उडाले, आणि काहींत कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) सरकल्यामुळे एका बाजूची भिंत पातळ आणि दुसरीकडे जाड. दादा म्हणाला माल खराब आहे, माझं मशीनिंगचं बिल द्या आणि तुटलेल्या इन्सर्टचे पैसेही द्या. अण्णा म्हणाले, "माझं कास्टिंग गेली कैक वर्षं हीच कंपनी घेतीया, तेव्हा कुणी कडक म्हटलं न्हाई, तुझा फीड बघ आधी." मेस्त्रींना कुणी विचारलंच नाही, पॅटर्न देऊन पैसे घेऊन ते मोकळे झाले होते.

माझ्या मते खरी अडचण माल खराब असणं ही नव्हती. माल सगळ्यांचाच कधी ना कधी खराब निघतो. अडचण ही होती की नुकसान कुणाचं हे ठरलेलं नसल्यामुळे प्रत्येकजण ते दुसऱ्याच्या दारात टाकायला बघत होता, आणि ते टाकण्यात जेवढी डोकी खर्च होत होती तेवढी ते का झालं हे शोधण्यात होत नव्हती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय अण्णांच्या मुलाचा: आपणच मशीन घेऊ. सीजीटीएमएसई या सरकारी हमी योजनेखाली तारण न देता कर्ज मिळालंही असतं. पण मशीन घेणं सोपं, ती दोन पाळ्या भरून चालवणं अवघड. फौंड्रीवाल्याला सेटर सांभाळणं, टूल क्रिब, गेज, प्रोग्रॅम हे सगळं नवीन, आणि ही पार्टी उद्या ढिली पडली तर हप्ता कोण भरणार. शिवाय बारा-चौदा किलोमीटरवर दादाची मशीन रात्री बंद असतात हे दिसत असताना नवीन मशीन घेणं मला पटलं नव्हतं आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

दुसरा पर्याय: आहे तसंच जॉबवर्क, फक्त मशीन शॉप बदलायचं. हा सगळ्यात सोपा वाटतो आणि बहुतेक लोक हेच करतात. मशीन शॉप बदललं की भांडण तेच राहतं, नाव फक्त बदलतं.

तिसरा पर्याय नवीन कंपनीचा होता, तिघांची मिळून. साधी भागीदारी केली तर 1932 च्या कायद्याप्रमाणे एका भागीदारानं केलेल्या देण्याला बाकीचेही पूर्ण जबाबदार, हे ऐकल्यावर मेस्त्री उठायलाच लागले. एलएलपीत (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) जबाबदारी मर्यादित राहते, 2008 च्या कायद्यात तशी सोय आहे, पण नवीन संस्था म्हणजे नवीन जीएसटी नंबर, उलाढाल 40 लाखांच्या वर गेली की ऑडिट, आणि मुख्य म्हणजे त्या पंपवाल्या कंपनीकडे नवीन व्हेंडर कोड काढायचा तर पुन्हा सगळं अप्रूव्हल पहिल्यापासून. तेवढा वेळ हातात नव्हता. सरकारच्या क्लस्टर योजनेचाही विषय निघाला, त्यात सामाईक सुविधा केंद्राला चांगलं अनुदान मिळतं, पण ते मोठ्या समूहाचं काम आहे, तीन जणांनी एका ऑर्डरसाठी करायची गोष्ट नाही.

उरला चौथा: प्रत्येकानं आपापला कारखाना, आपापलं खातं तसंच ठेवायचं, कंपनीसमोर अण्णा एकटेच उभे राहणार, पण आतमध्ये तिघांचा लेखी करार, पार्टपुरतं उघडं कॉस्टिंग आणि रिजेक्शनचा आधीच ठरलेला नियम. हाच घेतला. घेताना तिघांचीही तोंडं फार आनंदी नव्हती हेही सांगायला पाहिजे.

पहिला निर्णय: हिशेब किती उघडा करायचा

इथंच बोलणं मोडायच्या बेताला आलं होतं. दादाला अण्णांचा कास्टिंगचा किलोचा खरा खर्च हवा होता, आणि अण्णा म्हणत होते की माझी भट्टी, माझा स्क्रॅप कुठनं येतो, कितीला येतो हे मी का सांगू. दोघांचंही बरोबर होतं. शेवटी तोडगा असा निघाला की कारखान्याचा हिशेब कुणी कुणाला दाखवायचा नाही, फक्त या एका केसिंगचा कागद करायचा. त्यात कास्टिंगचं वजन, ठरलेला किलोचा भाव, मशीनिंगचे मिनिट, ठरलेला तासाचा दर, पॅटर्नची देखभाल, वाहतूक, आणि सगळ्यात खाली रिजेक्शनसाठी बाजूला ठेवायची रक्कम. नफा प्रत्येकाच्या दरात आहेच, तो वेगळा विचारायचा नाही. पिग आयर्न आणि स्क्रॅपचा भाव बदलला तर किलोचा भाव कसा बदलायचा तेही लिहून ठेवलं, कारण लोखंडाचा बाजार हलला की पहिली कुरकुर तिथूनच येते.

असा कागद करण्याचा फायदा लगेच दिसला. पॅटर्नमध्ये मशीनिंगसाठी ठेवलेली जादा जाडी, म्हणजे अलाउन्स, मुख्य फेसवर (सपाट बाजूवर) 5 मिलिमीटर होता. का, तर मेस्त्रींना माहीत नव्हतं की मशीनवर पार्ट कुठं धरणार, म्हणून त्यांनी सुरक्षित म्हणून जास्त ठेवला होता. अण्णांनीही कधी कमी करा म्हटलं नाही कारण त्यांना किलोवर पैसे मिळत होते. आणि दादा दोन कट जास्त मारत होता, मिनिटावर पैसे घेऊन. तिघांपैकी कुणीच लबाडी करत नव्हतं, पण प्रत्येकानं दुसऱ्याच्या चुकीसाठी आपली गादी भरून ठेवली होती. ग्रे आयर्नची घनता घनसेंटिमीटरला साधारण 7.2 ग्रॅम धरली तर 200 बाय 300 मिलिमीटरच्या एका फेसवर एक मिलिमीटर कमी केला की 430 ग्रॅमच्या आसपास लोखंड वाचतं. ते वितळवायची वीज वाचते, ते कापायचा वेळ वाचतो आणि नंतर बोअरिंग स्क्रॅप म्हणून कवडीमोलानं विकायचंही वाचतं.

दुसरा निर्णय: रिजेक्शन कुणाच्या खात्यात

यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच पाहिजे होता. नियम असे ठरले. ब्लो होल, सँड, कडकपणा असा कास्टिंगचा दोष मशीनवर निघाला तर कास्टिंग अण्णांचं गेलं, आणि तोवर झालेल्या मशीनिंगचा ठरलेला काही भाग अण्णा दादाला देणार, पूर्ण नाही. साइज चुकली, टूलची खूण पडली तर दादानं कास्टिंगची किंमत स्क्रॅपची किंमत वजा करून अण्णांना द्यायची. आणि कारण कळतच नसेल तर दोघांनी मिळून सोसायचं, त्या बाजूला ठेवलेल्या रकमेतून.

पूर्ण मशीनिंग का देत नाही यावर दादा अडला होता. मी त्याला एवढंच विचारलं की दोष शेवटच्या बोअरला कळतो की पहिल्या कटला कळू शकतो. थोडा विचार करून तो म्हणाला, दोष बहुतेक वेळा एकाच फेसवर असतो, तो आधी उघडला तर लगेच कळेल, पण मग एक सेटिंग (मशीनवर पार्ट पुन्हा बसवणं) वाढतं. आत्तापर्यंत त्यानं ते केलं नव्हतं कारण सेटिंगचे पैसे कुणी दिलेच नसते. आता त्या सेटिंगचे मिनिट कॉस्टिंगच्या कागदात घातले आणि क्रम बदलला. खराब केसिंग पहिल्या कटलाच बाजूला पडायला लागलं. हा एक बदल मला या सगळ्या प्रकरणात फार महत्त्वाचा वाटतो, कारण यात नवीन मशीन नाही, नवीन माणूस नाही, फक्त नुकसानाचा नियम बदलला आणि त्याबरोबर कामाचा क्रम बदलला.

शनिवारचा रॅक

करारात एक ओळ होती की दर शनिवारी दुपारी तिघांनी दादाच्या शेडमध्ये भेटायचं आणि आठवड्याचा रिजेक्ट माल रॅकवर समोर ठेवून बघायचं. फोनवर नाही, फोटोवर नाही. मालावर लाल पट्टा म्हणजे कास्टिंगचा दोष, पिवळा म्हणजे मशीनिंगचा, आणि पांढरा म्हणजे कळत नाही. मेस्त्रींनाही बोलवायचं हा आग्रह माझा होता, सुरुवातीला ते म्हणाले माझा काय संबंध.

पहिल्या काही शनिवारी पांढऱ्या पट्ट्याचाच ढीग. त्यातली सगळ्यात चिवट तक्रार कडक कडांची होती. पातळ कडा लवकर थंड होतात आणि तिथं लोखंड पांढरं, काचेसारखं ठिसूळ-कडक होतं, इन्सर्ट त्याला लागला की गेला. अण्णांचं म्हणणं की लोखंड असं कडक होऊ नये म्हणून घालायचं इनॉक्युलंट, म्हणजे फेरोसिलिकॉन, मी लॅडलमध्ये (ओतायच्या बादलीत) बरोबर मापानं घालतो, मग सगळेच कडक निघाले पाहिजेत, काहीच का निघतात. मुद्दा बिनतोड होता. मेस्त्री बराच वेळ तुकडा हातात फिरवत होते आणि म्हणाले, "अण्णा, कुठला साचा आधी ओतला नि कुठला मागनं, हे लिवून ठेवता का तुम्ही?"

ठेवत नव्हते. मग साचे करणाऱ्या मोल्डरला सांगून ओतायच्या क्रमानं साच्यांना नंबर दिले, तोच नंबर फेटलिंगनंतर (साफसफाई-घासकामानंतर) पेंटनं कास्टिंगवर आणि हीट नंबर (भट्टीचा कितवा घाणा) त्याच्या शेजारी. दादाच्या ऑपरेटरनं कुठल्या नंबरला इन्सर्ट गेला ते वहीत लिहायला सुरुवात केली. दोन वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा चित्र इतकं स्वच्छ होतं की वाद घालायला काही उरलंच नाही, कडक निघणारे जवळपास सगळे नंबर प्रत्येक लॅडलच्या शेवटच्या साच्यांचे होते. इनॉक्युलेशनचा परिणाम काही मिनिटांत उतरायला लागतो, लॅडल मोठी असली आणि ओतणारा हळू चालला तर शेवटच्या साच्यांपर्यंत तो पुरत नाही. हे अण्णांना पुस्तकातून नसलं तरी अनुभवातून माहीतच होतं, पण तो दोष त्यांच्या शेडमध्ये कधी दिसत नव्हता, दिसत होता तो नदीपलीकडं दादाच्या मशीनवर. लॅडल लहान केली, इनॉक्युलंटचा थोडा भाग उशिरा घालायला सुरुवात केली, आणि मेस्त्रींनी त्या कडेची गोलाई पॅटर्नवर थोडी वाढवली, अर्थात कंपनीकडून ड्रॉइंगमध्ये मान्य करून घेऊन.

मेस्त्रींनी दुसरं मोठं काम केलं ते लोकेटिंग पॉइंटचं. दादा पार्ट जिथं धरत होता ती जागा पॅटर्नच्या दोन भागांच्या जोडावर येत होती, त्यामुळे साचा एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला की अख्खा पार्ट तिरका धरला जायचा. मेस्त्रींनी पॅटर्नच्या एकाच बाजूला तीन छोटे उंचवटे दिले आणि दादानं फिक्स्चर (मशीनवर पार्ट धरून ठेवणारी चौकट) त्यावरच बसवलं. भिंतीची जाडी एकसारखी यायला लागली आणि मग तो 5 मिलिमीटरचा अलाउन्स 3 वर आणायची हिंमत झाली.

तिसरा निर्णय: पैसे कधी

कंपनीकडून पैसे यायला उशीर व्हायचा आणि दादाचा हप्ता तारखेला जायचा. अण्णांचा पहिला प्रस्ताव सरळ होता, मला आले की तुला देतो. ऐकायला प्रामाणिक वाटतं पण कायद्यात बसत नाही. छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा 2006 प्रमाणे दादा सूक्ष्म उद्योग म्हणून सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदलेला असेल तर त्याचे पैसे ठरलेल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर 15 दिवसांतच. अण्णांना पुढून पैसे आले का नाही याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. उशिराला आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. आणि 1 एप्रिल 2024 पासून आयकरात आलेल्या नियमाप्रमाणे अशी थकलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळते. अण्णांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले म्हणजे मी दोन्हीकडून सापडलो.

सापडले होते, पण मार्गही होता. पंपवाली कंपनी मोठी होती आणि ट्रेड्सवर, म्हणजे छोट्या उद्योगांची बिलं बँकांकडून लवकर वटवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, नोंदलेली होती. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आता ट्रेड्सवर नोंदणी सक्तीचीच आहे. नोंदणी असली तरी प्रत्येक बिल तिथं मान्य करतीलच असं नाही, ते मागून घ्यावं लागतं. अण्णांनी वर्षभराच्या भावाची बोलणी करताना भाव थोडा सोडला आणि त्या बदल्यात बिलं ट्रेड्सवर मान्य करायची अट घातली. बँकेनं डिस्काउंट करून पैसे दिले की त्याच आठवड्यात दादाचे द्यायचे असं ठरलं. डिस्काउंटचा खर्च कॉस्टिंगच्या कागदात आधीच धरलेला होता, त्यामुळे त्यावर नंतर कुणी बोललं नाही.

मालाच्या हालचालीसाठी जॉबवर्कचं डिलिव्हरी चलन ठेवलं, प्रत्येक चलनावर हीट नंबर. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षात परत यावा लागतो, इथं तो आठवड्यात येत होता त्यामुळे प्रश्न नव्हता, पण रिजेक्ट होऊन दादाकडेच पडलेले तुकडे चलनावर उघडे राहायचे. म्हणून शनिवारच्या बैठकीनंतर रिजेक्ट मालही चलनावर परत शिरोलीला जायचा आणि पुन्हा भट्टीत.

पावसाळा

कोल्हापुरात हे विसरून चालत नाही. शिरोली पंचगंगेच्या एका बाजूला, गोकुळ शिरगाव दुसऱ्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि दिवसच्या दिवस बंद होता. त्यामुळे करारात जूनपासून सप्टेंबरपर्यंत काही दिवसांचे कच्चे कास्टिंग दादाच्या शेडमध्ये साठवून ठेवायचे असं घातलं. त्या साठ्यात अडकलेल्या पैशाचा भार अण्णा आणि दादा निम्मा-निम्मा घेतात. एका छताखालच्या कारखान्याला हा खर्च नाही, आपल्याला आहे, आणि तो मान्य करूनच भाव द्यायला हवा.

काय साधलं, काय नाही

ऑर्डर टिकली. रिजेक्शन बरंच खाली आलं, केसिंगचं वजन कमी झालं, आणि दादाची रात्रीची पाळी या कामावर चालायला लागली. पुढे त्याच कंपनीनं दुसऱ्या मॉडेलचं केसिंग दिलं, आणि त्या वेळी पॅटर्न बनवायच्या आधी तिघं एकत्र ड्रॉइंग घेऊन बसले, त्यामुळे सँपल पास व्हायला पहिल्यासारखी दमछाक झाली नाही.

मेस्त्रींच्या बाबतीत मात्र सुरुवातीला अन्याय झाला असं माझं स्पष्ट मत आहे. उंचवटे त्यांचे, गोलाई त्यांची, नंबर लिहायची कल्पनाही त्यांची. त्यातून जी बचत झाली ती दर पार्टला अण्णा आणि दादाच्या खिशात जात होती आणि मेस्त्रींना एकदा पॅटर्नचे पैसे मिळाले तेवढेच. ते बोलले नाहीत, फक्त शनिवारी यायचे बंद झाले. दोन शनिवार रॅकसमोर दोघंच उभे राहिले तेव्हा अण्णांच्या लक्षात आलं. मग दर पार्टमागे ठराविक रक्कम मेस्त्रींना, त्यात पॅटर्नची देखभाल आणि शनिवारचा वेळ दोन्ही धरून, असं पुरवणी करारात घातलं. रक्कम छोटीच आहे, पण ती दर महिन्याला येते.

तणावही आले. गणपतीच्या आधी दादानं जास्त दराचं एक तातडीचं काम घेतलं आणि आपल्या केसिंगचा लॉट मागे पडला. अण्णा चिडले, आणि दादाचं म्हणणं की वर्षभर एकाच पार्टीवर मी कसा बसू. त्यानंतर आठवड्याचे ठराविक मशीन-तास राखीव ठेवले, ते अण्णांनी भरले नाहीत तरी त्यांचा काही आकार द्यायचा आणि दादानं दिले नाहीत तर दुसरीकडून करून घेण्याचा जादा खर्च त्यानं सोसायचा.

वेगळं काय करता आलं असतं

मेस्त्रींना पहिल्याच बैठकीत बोलवायला हवं होतं, पहिला लॉट खराब निघायच्या आधी. राखीव मशीन-तासांची अटही पहिल्या करारात हवी होती, भांडणानंतर लिहिलेली अट थोडी कडवट होते. पॅटर्नची मालकी कंपनीची आहे हे स्पष्ट होतं पण फिक्स्चर कुणाचं यावर काहीच लिहिलं नव्हतं. ते दादानं बनवलं, पैसे निम्मे अण्णांनी दिले, आणि उद्या दोघं वेगळे झाले तर ते कुठल्या शेडमध्ये राहणार हा प्रश्न अजूनही तसाच आहे. मी दोघांनाही सांगितलंय की चांगले दिवस आहेत तोवर यावर सही करून टाका.

एका पार्टीवरचं अवलंबित्व कमी झालेलं नाही, उलट थोडं वाढलंय. तिघांची मिळून दुसऱ्या एखाद्या व्हॉल्व्हवाल्याकडे जायची तयारी आहे, त्यासाठी केसिंगचा रिजेक्शनचा रेकॉर्ड, त्या दोन वह्या, हेच दाखवायला नेणार आहेत.

यंदा नवीन प्रश्न आलाय. कंपनीच्या माणसानं दादाला थेट व्हेंडर कोड देऊ का म्हणून विचारलं, दुसऱ्या एका पार्टसाठी, ज्याचं कास्टिंग बाहेरून येईल. दादानं ते अण्णांना लगेच सांगितलं, लपवलं नाही. ठरलं असं की त्यानं तो कोड घ्यावा, पण अण्णा ओततात त्या दोन्ही केसिंगचं काम करार असेपर्यंत आणि नंतर दोन वर्षं तो थेट घेणार नाही, आणि बदल्यात त्याचा तासाचा दर दर एप्रिलला नव्यानं बसून ठरवायचा. कागद तयार आहे, मेस्त्रींनी साक्षीदार म्हणून सही केलीये, बाकी दोघांची या शनिवारी व्हायची आहे.